थांबे मोकळे करायला बसवर कॅमेरे: आधी रंग आणि नकाशा, मग कॅमेरा

न्यूयॉर्कमध्ये बसच्या काचेमागे कॅमेरे लावून दंड करतात, तसे पुण्यातल्या पीएमपीच्या बसना लावले तर थांब्यांवरच्या गाड्या हटतील का, असा प्रश्न आहे. चारचाकी बऱ्याच हटतील. रिक्षा आणि दुचाकींवर फार फरक पडणार नाही.

यंत्रणा तशी साधी आहे. पुढच्या काचेला आतून दोन कॅमेरे लागतात. एक रुंद दृश्य घेतो, म्हणजे गाडी, रस्त्यावरचे पट्टे आणि फलक एकाच चौकटीत येतात. दुसरा फक्त नंबरप्लेट वाचतो. सोबत जीपीएस, छोटा संगणक आणि मोडेम. चालकाच्या हाती कॅमेऱ्याचे बटण द्यायचे नाही, नाहीतर रोज त्याच रस्त्यावर भांडणे आणि वशिले दोन्ही त्याच्याच वाट्याला येतात.

जीपीएसच्या भरवशावर मार्गिका ठरत नाही. मार्गिका असते तीन-साडेतीन मीटरची आणि उंच इमारतींमध्ये जीपीएसची चूक सहज पाच-दहा मीटरची होते. 'थांबा जवळ आला' एवढेच तो सांगतो. गाडी हद्दीच्या आत की बाहेर, हे चित्रावरून ठरते. आणि आपल्याकडे किती थांब्यांना हद्द रंगवलेली आहे? नुसती शेड म्हणजे थांबा नव्हे. १२ मीटरची बस फुटपाथला समांतर लागायची तर आत वळायला आणि बाहेर पडायला धरून जागेनुसार साधारण २७ ते ३७ मीटर मोकळे लागतात. एक गाडी मधे असली की बस तिरकी, रस्त्याच्या मध्यावर उभी राहते आणि लो-फ्लोअर बसचा रॅम्प फुटपाथपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून क्रम असा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ ते ११७ खाली वाहतूक पोलिसांची नो-पार्किंगची अधिसूचना, रंग आणि फलक, मग प्रत्येक थांब्याची हद्द, दिशा आणि वेळा नकाशात भरणे, आणि शेवटी कॅमेरा. सगळ्यात जास्त घोळ नकाशात होतो. मेट्रोच्या किंवा पुलाच्या कामासाठी थांबा ५० मीटर पुढे सरकला आणि नकाशात जुनीच हद्द राहिली, की योग्य जागी लावलेल्या गाड्यांना चलन जाते. न्यूयॉर्कमध्येही २०२४ मध्ये नियमानुसार उभ्या असलेल्या गाड्यांना हजारो चुकीची तिकिटे गेली आणि ती रद्द करावी लागली. त्यामुळे थांबा हलवण्याच्या आदेशातच नकाशा बदलण्याची जबाबदारी कोणाची ते लिहायला हवे.

दंडाची रचना मात्र न्यूयॉर्ककडून जरूर घ्यावी. तिथे ऑक्टोबर २०१९ मध्ये एम-१५ या बसमार्गावर सुरुवात झाली ती ६० दिवस नुसत्या ताकिदीने. पहिला दंड ५० डॉलर, वर्षभरात पाचव्यांदा सापडल्यास २५०. आधी हे फक्त बस मार्गिकेपुरते होते; थांबे आणि दुहेरी पार्किंग जून २०२४ पासून त्यात आले. यंत्राने पकडलेले प्रकरण माणूस तपासतो, मगच तिकीट निघते.

आपल्याकडे २०२१ चा केंद्रीय नियम १६७-ए लागू होतो: उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र, टेहळणीच्या पट्ट्याआधी सूचनाफलक, छायाचित्रात गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट, १५ दिवसांत नोटीस. यातले एक जरी राहिले तर चलनाला हरकत घेणाऱ्याचे काम सोपे होते.

आता रिक्षा. ती थांब्यावर अर्धा मिनिट थांबते, सीट भरते, निघते. पुढची बस येईपर्यंत जागेवर दुसरीच रिक्षा असते. दोन लागोपाठच्या बसना तीच गाडी तिथेच दिसली तरच दंड, असा नियम ठेवला तर रिक्षा कधीच सापडणार नाही. एकाच बसच्या चित्रावर दंड केला तर उतारू सोडणारेही त्यात सापडतील. थांब्याच्या ३०-४० मीटर पुढे रिक्षा स्टँड आखून देणे, हाच यावर खरा इलाज. दुचाकींची गोष्ट वेगळी. त्या फुटपाथला काटकोनात लावलेल्या असतात, त्यामुळे बसच्या कॅमेऱ्याला फक्त कूस दिसते, प्लेट दिसतच नाही. अशा थांब्यांवर खांबावरचा कॅमेरा किंवा टोइंगच हवे. हातगाडीला तर प्लेटच नाही!

प्लेटवरून आठवले: ४१४१ चा 'दादा' आणि ८०५५ चा 'बॉस' करणाऱ्या प्लेटी यंत्राला नीट वाचता येत नाहीत. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ठरावीक अक्षरांची उच्च सुरक्षा प्लेट उत्पादकाकडूनच, विक्रेत्यामार्फत बसवून मिळते, तिथे अक्षरांचा त्रास कमी.

बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या, बंदिस्त मार्गिकेत प्रत्येक बसवर खर्च करू नका. घुसायच्या जागा मोजक्याच असतात, तिथे खांबावर एकेक स्थिर कॅमेरा पुरतो. बसवरचे कॅमेरे उघड्या रस्त्यांसाठी ठेवा, आणि तेही जिथे दर पाच-सात मिनिटांनी बस आहे अशाच मार्गांवर. चाळीस मिनिटांनी एक बस असेल तर मधल्या वेळात उभी राहून गेलेली गाडी कोणालाच दिसत नाही. कॅमेरा वायपर फिरतो त्याच भागामागे बसवा आणि काच आतूनही पुसणे डेपोच्या रोजच्या तपासणीत घाला. पावसाळ्यात आतली वाफ प्लेटीचे अक्षरही वाचू देत नाही.