"मॅडम, समजतं सगळं, पण लिहिता येत नाही"

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलं आहे की आता पहिल्या दोन मिनिटांतच ते येणार याचा अंदाज येतो. एम.ए.चा लघुप्रबंध रखडलेले, एम.एड.वाले, पीएच.डी.चा आराखडा पुन्हा पुन्हा परत आलेले. मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं, आपली भाषाच कमी पडते. इंग्रजी माध्यमाची मुलंही हीच तक्रार घेऊन येतात, हे सांगितलं तर त्यांना पटत नाही. मागणी मात्र सगळ्यांची एकच: "प्रबंधाची भाषा कशी लिहायची ते शिकवा."

ती मी शिकवत नाही. का, ते एका मुलीच्या निमित्ताने सांगते. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती बीड जिल्ह्यातली, समाजशास्त्रात एम.ए. करणारी. विषय घेतला होता ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. तिचे आईवडील स्वतः ऊसतोडीला जायचे. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तिला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तरी तिच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात अशी होती: "हंगामी स्थलांतराच्या परिप्रेक्ष्यात शैक्षणिक सातत्यावर होणाऱ्या बहुआयामी परिणामांचे चिकित्सक विश्लेषण करणे हे प्रस्तुत संशोधनाचे उद्दिष्ट होय." समासात मार्गदर्शकांचा शेरा: "अस्पष्ट. भाषा सुधारा." तिने सुधारली, म्हणजे आणखी जड केली.

"हे कुणासाठी लिहिलंस?" मी विचारलं.

"सरांसाठी."

"यातून सरांना काय कळायला हवं?"

जरा थांबून म्हणाली, "की माझा अभ्यास झालाय."

मी कागद पालथा ठेवायला सांगितला. तिची चुलतबहीण आठवीत होती. म्हटलं, "तिला सांगतेयस असं समज. काय आहे या प्रकरणात?"

मग ती बोलायला लागली आणि थांबेना. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. पहिलं सत्र कसंबसं होतं आणि पोरगं कारखान्यावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. आई-बाप पहाटे उसाच्या फडात, थोरली पोरगी धाकट्याला सांभाळत कोपीवर. मार्च-एप्रिलमध्ये माघारी यावं तर वर्ग कुठल्या कुठे पुढे गेलेला. "नाव पटावर असतंय मॅडम, पण पोराला वाचता येत नाही."

"हेच लिही ना."

"असं कुठं प्रबंधात लिहितात का?"

इथे बहुतेक सगळे अडतात. सोपं लिहिलं तर आपण कमी हुशार दिसू, ही भीती. डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने 2006 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. विनाकारण अवघड शब्द वापरलेला मजकूर वाचणाऱ्यांनी त्याच्या लेखकाला कमी बुद्धिमान ठरवलं. हे मी मुलांना आवर्जून सांगते. त्याने भीती थोडी सैल होते, पण लिहिता येत नाही. त्यासाठी पुढचं काम करावं लागतं.

मी तिला प्रकरणातल्या प्रत्येक वाक्यापुढे खूण करायला सांगितली. कागदाकडे न बघता बहिणीला समजावता येईल, तिथे बरोबरची खूण. अडखळायला होईल तिथे प्रश्नचिन्ह. पुढच्या भेटीला पानं प्रश्नचिन्हांनी भरलेली होती आणि चेहरा पडलेला होता. मला मात्र आनंद झाला, कारण प्रश्नचिन्ह काढता येणं हीच शिकण्यातली मोठी पायरी असते. त्यातलं एक वाक्य आम्ही घेतलं: "स्थलांतरामुळे शैक्षणिक सातत्य खंडित होते."

"याच्यापुढे प्रश्नचिन्ह का?"

"माहीत नाही. सांगायला गेले तर अडकायला झालं."

"तू ज्यांच्याशी बोललीस ती सगळी मुलं आईबापांबरोबर गेली होती?"

ती गप्प झाली. मग पिशवीतून मुलाखतींची वही काढली आणि पानं उलटायला लागली. बराच वेळ उलटत राहिली. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलूच नये, असं माझं ठाम मत आहे.

"काही आजीपाशी राहिली होती," ती हळूहळू म्हणाली. "त्यांची पण शाळा सुटलीच की. आजीला दिसत नाही, पाणी भरायचं, शेळ्या, भाकरी... पोरगीच घर चालवत होती." मग एकदम मान वर करून म्हणाली, "मॅडम, ती गेलीच नव्हती. म्हणजे माझं वाक्य अर्धंच खरं आहे!"

ते वाक्य तिने आणि तिच्या मार्गदर्शकांनी कितीतरी वेळा वाचलं होतं. भाषा इतकी जड होती की तिच्याखालचं भगदाड कुणाला दिसलं नाही. आठवीतल्या मुलीला सांगायला घेतलं आणि ते उघडं पडलं.

माझा विश्वास मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांच्या विचारावर आहे. आपल्याला काय कळलंय आणि काय नाही यावर लक्ष ठेवणं हे एक वेगळं कौशल्य आहे, असं त्यांनी 1970च्या दशकात मांडलं. एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1977 मध्ये लहान मुलांना एका खेळाच्या सूचना दिल्या, मुद्दाम महत्त्वाची माहिती गाळून. पहिलीतल्या बऱ्याच मुलांना त्यात काही कमी आहे हे ऐकताना जाणवलंच नाही. प्रत्यक्ष खेळायला घेतल्यावर ते अडले. माझ्याकडे येणारी पंचविशीतली मुलं हुशार असतात, पण हे कौशल्य त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. आपल्या शाळांत "समजलं का?" विचारतात, वर्ग एका सुरात "हो" म्हणतो आणि धडा पुढे सरकतो.

म्हणून तुमचंही असंच अडलं असेल तर भाषेला हात लावण्याआधी हे करून बघा. परिच्छेद वाचून झाला की पुस्तक मिटा आणि तोंडाने सांगा. मनातल्या मनात सांगू नका, तिथे आपण स्वतःला फार सवलत देतो. जिथे "म्हणजे ते आपलं..." असं व्हायला लागेल तिथे पेन्सिलीने खूण करा. "यामुळे", "परिणामी", "प्रभाव पडतो" असं लिहाल तिथे थांबून कोण, केव्हा, कशामुळे हे विचारा. उत्तर आलं नाही तर शब्दकोशाकडे जाऊ नका, आपल्या नोंदींकडे परत जा. आणि वाचल्यावाचल्या स्वतःला तपासू नका. तेव्हा सगळं ताजं असतं आणि कळल्यासारखं वाटतं. थोडा वेळ जाऊ द्या, जमलं तर दुसऱ्या दिवशी बघा.

पारिभाषिक शब्द टाकून द्या असं मी म्हणत नाही. तिने "हंगामी स्थलांतर" ठेवलं, कारण कायमचं शहरात गेलेलं कुटुंब आणि दरवर्षी गावी परतणारं कुटुंब यांत फरक करायला तो शब्द लागतोच. "परिप्रेक्ष्य" आणि "बहुआयामी" गेले, ते कुठलंच काम करत नव्हते. नवी सुरुवात अशी झाली: "ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांची शाळा सुटते. गावी आजी-आजोबांकडे राहिलेल्यांपैकी काहींचीही सुटते, पण वेगळ्या कारणांनी. या प्रबंधात ही कारणे तपासली आहेत." त्यातूनच तिला पुढचा प्रश्न सापडला: मुलांनी गावातच राहावं म्हणून सरकार हंगामी वसतिगृहं चालवतं, पण ज्या मुलीवर घरच अवलंबून आहे तिला तेवढं पुरतं का? त्यावर तिने एक अख्खं प्रकरण लिहिलं.

मार्गदर्शकांना माझी एक विनंती आहे. "भाषा सुधारा" हा शेरा वाचून मूल शब्दकोश उघडतं. त्याऐवजी त्या वाक्यापुढे "इथे नेमकं काय घडतं? एक उदाहरण सांग" एवढं लिहा. वेळ तेवढाच लागतो.