पेठेतला वाडा नक्की किती जुना? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पुण्यात शनिवार पेठेत आमचा वाडा आहे, आता रिडेव्हलपमेंटला जातोय. घरात सगळे म्हणतात पेशवाईतला आहे, पण पुरावा काहीच नाही. एका ट्रंकेत मोडीतले कागद आहेत, ते कुणालाच वाचता येत नाहीत. वाडा कधी झाला, कुणी बांधला हे शोधायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर: ट्रंक सध्या राहू द्या. सगळ्यात नव्या कागदापासून मागे मागे जायचं, म्हणजे आधी सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर खरेदी, वारस, वाटणी, बोजा अशा सगळ्या नोंदी तारखेसकट असतात. आणि तिथेच चौकशी नोंदवहीचा उतारासुद्धा मागा, तो मागायचं लोकांच्या लक्षातच येत नाही आणि खरी गंमत तर त्यातच असते! सिटी सर्व्हे पहिल्यांदा झाला तेव्हा प्रत्येक मिळकतीची चौकशी करून, कागद बघून धारक ठरवला होता, त्यामुळे कार्डावरचं पहिलं नाव कशाच्या आधारावर आलं ते तिथे सापडतं, नशीब असेल तर एखाद्या जुन्या खरेदीखताचा उल्लेखही.

तो धागा धरून दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे दस्त नोंदवतात त्या ऑफिसात जा. ऑनलाइन सर्च अलीकडच्या काही दशकांपुरताच उपयोगी, त्यामागचं सगळं जाड इंडेक्सच्या वह्यांमध्ये, नाव आणि साल सांगून फी भरून शोध घ्यावा लागतो. आपल्याकडे दस्त नोंदणीचा कायदा 1864 चा, म्हणजे तेवढं मागे जायची निदान शक्यता तरी आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या कितीतरी घरांतले कागद पाण्यात गेले, पण घरातला कागद गेला म्हणून दस्त गेला असं नाही, नोंदवलेला असेल तर त्याची नक्कल निघू शकते.

दस्त हातात आला की किंमत नंतर बघा, आधी चतुःसीमा वाचा. घरांचे नंबर बदलत गेले, पण पूर्वेला कुणाचं घर, दक्षिणेला कुठला बोळ हे त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या घरचा दस्त नाहीच मिळाला तर शेजाऱ्यांचा काढा, त्यांच्या पश्चिमेला तुमच्याच पणजोबांचं नाव निघू शकतं. माझ्या मते हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

एक मात्र नीट लक्षात घ्या, दस्ताचं साल म्हणजे वाड्याचं साल नाही. दस्त जागेचा असतो. त्यात "मोकळी जागा" लिहिलंय की खण, चौक, विहीर असं वर्णन आहे ते बघा, त्यावरून कळतं वाडा आधीचा की नंतरचा. शिवाय पुरानंतर बऱ्याच वाड्यांचं बांधकाम नव्याने झालं, त्यामुळे महापालिकेतली जुनी बांधकाम परवानगी मिळते का तेही विचारा.

आता ट्रंक. मोडी कागदांना लॅमिनेशन अजिबात करू नका, सेलोटेपही नको, दिवसाउजेडी फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा, 1910 पासून असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केलीत तर माणूस मिळेल. तारखांचा हिशोब असा, शके असेल तर 78 मिळवा. "सन सलास सबैन मया व अलफ" असं काही दिसलं तर घाबरू नका, ते अरबी आकडे आहेत, तीन, सत्तर, शंभर आणि हजार म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना) 1173, त्यात 599 मिळवले की 1772-73. असं साल आणि तुमच्याच घराची चतुःसीमा एका कागदावर आली तर पेशवाईचं म्हणणं खरं धरायला आधार मिळाला, मग पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर बघायला जा, त्याआधी गेलात तर हजारो रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, ढिगात काय शोधायचं तेच कळणार नाही.

आणि किल्ली बिल्डरच्या हातात द्यायच्या आधी दिंडी, ओसरी, लाकडी खांब, तुळया सगळ्याचे फोटो आणि मापं घ्या, प्लीज. कागद नंतरही मिळतील, वाडा नाही मिळणार.

प्रश्न: आमच्या घराच्या एका जुन्या दस्तावर आजोबांऐवजी सावकाराचं नाव आहे. घर आमचं नव्हतंच का?

उत्तर: लगेच असं समजू नका. दस्तावर "मुदत खरेदी" लिहिलंय का बघा. कर्ज घेताना घर सावकाराच्या नावाने लिहून द्यायचं आणि ठरल्या मुदतीत पैसे फेडले की त्याने परत लिहून द्यायचं, अशी ती पद्धत होती. म्हणजे परतीचा दस्तही असायला हवा, तो इंडेक्सला सावकाराच्या नावानेही शोधा, नुसत्या आजोबांच्या नावाने शोधून थांबू नका. हक्काचा वाद चालू असेल तर मात्र सगळे कागद घेऊन वकिलाकडेच जा.

प्रश्न: चुलत आजोबांचं मृत्युपत्र रजिस्टर होतं म्हणतात. मला नक्कल मिळेल?

उत्तर: मिळेल. करणारा हयात असेपर्यंत दुसऱ्या कुणाला देत नाहीत, त्यांच्यानंतर अर्ज करणाऱ्या कुणालाही देतात. जाताना मृत्यूचा दाखला बरोबर ठेवा.