बीपीची गोळी थांबवून ते पैसे गुंतवू का?

तुमचं वय ४८. दोन औषधं एकत्र असलेली बीपीची गोळी तीन वर्षं चालू आहे आणि आता बीपी १२८/८० येतो. ‘नॉर्मल झालाय, तर गोळी थांबवून तेवढे पैसे दरमहा निवृत्तीसाठी टाकू का?’ असं तुम्ही विचारलंय.

नका थांबवू. १२८/८० हा गोळी चालू असतानाचा आकडा आहे. ती सोडली की बहुतेकांचा बीपी पुन्हा चढतो आणि चढलेला जाणवतही नाही. वरचा आकडा १० ने उतरला तर पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्शाने घटतो. घरात कमावणारे तुम्ही एकटे, कर्जाचे हप्ते अजून ११ वर्षं. हॉस्पिटलचं बिल विमा भरेलही, पण पुढे पगाराविना जाणारे महिने, फिजिओथेरपी, घरी ठेवावा लागणारा माणूस? गोळीच्या पैशांतून उभी राहणारी रक्कम त्याला पुरणार नाही. बजेटमध्ये ही गोळी घरभाडं-वीजबिलाच्या रांगेत लिहा, ‘उरलं तर’ मध्ये नको.

खर्च कमी करायचा विचार मात्र रास्त आहे. पाकिटावर टेल्मिसार्टन ४०, अमलोडिपिन ५ असं काही लिहिलेलं असेल. तेच घटक, तेवढ्याच मिलिग्रॅमची जेनेरिक (मोठ्या ब्रँडच्या नावाशिवाय विकली जाणारी) गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा खरी बचत इथेच होते. दोन सुट्या गोळ्या स्वस्त पडत असतील तर त्याही चालतात, पण सुट्या घेताना एखादी राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शनात शक्यतो एकत्र गोळीच सुचवली आहे. किमतीत थोडाच फरक असेल तर मी एकत्र गोळीचेच पैसे देईन. दोनांऐवजी एकच औषध दुप्पट घेण्यातही फायदा नाही. दोन औषधांचे छोटे डोस बीपी जास्त उतरवतात, शिवाय अमलोडिपिनचा डोस वाढवला की पाय सुजण्याची शक्यता वाढते.

क्रिएटिनिन-पोटॅशियमच्या तपासणीचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम आणि रक्तातलं पोटॅशियम पाहणाऱ्या रक्ततपासणीचा, खर्चही वर्षाच्या हिशेबात धरा. टेल्मिसार्टनसारख्या औषधांवर ती लागते. मीठ आणि वजन कमी केल्यावर डोस उतरूही शकतो, पण तो डॉक्टरांनी उतरवायचा. त्यासाठी घरी मोजलेल्या बीपीची वही त्यांना दाखवा.

नवा विमा घेताना ही गोळी फॉर्मवर नक्की लिहा. हप्ता थोडा वाढू शकतो, पण लपवलेल्या बीपीमुळे क्लेम नाकारला जाऊ शकतो.