वाचकांचे प्रश्न : मॅजिक आकडा असूनही न्यूक्लियस ढिला कसा?

प्रश्न : नमस्कार सर, मी नागपूरची, धरमपेठला राहते, बीएस्सी फायनलला आहे. शेल मॉडेलमधे (न्यूक्लियसमधले कण ठराविक ऊर्जेच्या लेव्हलमधे थराथराने भरतात असं चित्र) ८ न्यूट्रॉन म्हणजे मॅजिक, थर पूर्ण भरलेला, एकदम घट्ट असं शिकवलं. मग लिथियम-११ मधे ८च न्यूट्रॉन असून तो इतका ढिला कसा काय? मॉडेल चुकीचं असेल तर आम्ही ते शिकतो कायले?

उत्तर : मॉडेल चुकीचं नाहीये गं, पण मेयर आणि येन्सन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४९ मधे ते मांडलं ते मुख्यतः स्थिर न्यूक्लियस समोर ठेवून. २, ८, २० हे आकडे म्हणजे नियम नाहीत, प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या ओढाताणीतून लेव्हल्सच्या मधे पडलेल्या गॅप आहेत त्या. लिथियममधे प्रोटॉन तीनच, त्यामुळे न्यूट्रॉनच्या पी-१/२ या लेव्हलला खाली ओढून ठेवणारं कोणी फारसं उरत नाही, ती वर सरकते, तिच्या वरच्या एस-१/२ लेव्हलजवळ येते आणि आठची गॅपच बुजते.

आता ढिलेपणा. कागद घे आणि करूनच बघ. न्यूट्रॉन ८ एमईव्हीने (मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऊर्जेचं एकक) बांधलेला असेल तर न्यूक्लियसबाहेर त्याचं वेव्ह फंक्शन, म्हणजे तो कुठे सापडेल हे सांगणारं फंक्शन, साधारण १.६ फेम्टोमीटरमधे (न्यूक्लियसच्या मापाचं लांबीचं एकक) ओसरतं, तेच ०.३ एमईव्ही घातलं तर ८ फेम्टोमीटरच्या वर जातं! लिथियम-११ चे शेवटचे दोन न्यूट्रॉन मिळून जेमतेम ०.३७ एमईव्हीने धरलेत, म्हणून ते लांबवर पसरतात. १९८५ मधे जपानी शास्त्रज्ञ तानिहातांच्या टीमला अमेरिकेतल्या बर्कलेत लिथियम-११ अपेक्षेपेक्षा खूपच मोठा दिसला तो यामुळेच. शिवाय लिथियम-१० टिकत नाही, नुसते दोन न्यूट्रॉनही एकत्र राहत नाहीत, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन काठ्यांसारखं आहे हे, एक काढली की बाकीच्या दोन्ही पडतात. म्हणून इथे लिथियम-९ चा गाभा आणि दोन न्यूट्रॉन असं थ्री-बॉडी मॉडेल चालतं, गाभ्याच्या आत काय चाललंय ते मात्र त्यातून कळत नाही.

त्यासाठी अ‍ॅब इनिशिओ, म्हणजे थेट न्यूक्लिऑनमधल्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनमधल्या) बलापासून सुरुवात, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. ऑक्सिजन बघ, न्यूट्रॉन वाढवत गेलं की तो ऑक्सिजन-२४ ला थांबतो, आणि नुसतं दोन-दोन कणांमधलं बल घेतलं की गणित त्याच्या पुढचेही टिकतील म्हणतं. २०१० मधे ओत्सुका आणि सहकाऱ्यांनी तीन न्यूक्लिऑनचं एकत्रित बल घातलं तेव्हा उत्तर २४ वर आलं. पुढे २०२३ मधे जपानच्या रिकेन संशोधन संस्थेत ऑक्सिजन-२८ दिसला, ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन, दोन्ही मॅजिक, तरी चार न्यूट्रॉन टाकून लगेच फुटतो. जड न्यूक्लियसला हे गणित फार महाग पडतं, तिथे डेन्सिटी फंक्शनल, म्हणजे एकेका कणाऐवजी कणांच्या घनतेवरून केलेलं गणित, वापरतात.

परीक्षेत २, ८, २० बिनधास्त लिही, फक्त पुढे ‘स्थिर न्यूक्लियससाठी’ एवढं जोड.