‘राहू दे, मीच करते’

नोव्हेंबर संपत आला की एक वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास ऐकू येतं : "यंदा तरी नाताळची तयारी वेळेत व्हायला हवी, दर वर्षी चोवीस तारखेच्या रात्री मी रडकुंडीला येते." माणसं वेगळी असतात, वाक्य तेच. बहुतेकांना माझ्याकडून वेळापत्रक हवं असतं. मी ते पहिल्या भेटीत देत नाही. असं का, ते एका बाईंच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीच्या आतबाहेरचं वय, नोकरी, नवरा, दोन शाळकरी मुलं. नाताळच्या दुपारी जेवायला अकरा पाहुणे. आल्या आल्या त्यांनी पर्समधून यादी काढली. सत्तेचाळीस ओळी : पाहुणे, भेटवस्तू, पडदे, फ्रीज, झाड, असं बरंच काही.

"यातली कामं किती?" मी विचारलं.

"सगळीच."

"‘पाहुणे’ हे काम कसं करतात?"

त्या हसल्या, मग जरा चिडल्याही. पण मुद्दा तिथेच होता. ‘पाहुणे’ या एका शब्दामागे पाच-सहा प्रश्न दडलेले होते : नक्की किती जण, कोण काय खात नाही, खुर्च्या किती कमी पडतात, त्या कोणाकडून आणायच्या. अशा ओळीपाशी मन येतं, इथे काहीतरी ठरवावं लागणार हे त्याला कळतं आणि ते हळूच पुढे सरकतं. पडदे धुण्यात ठरवण्यासारखं काही नसतं. म्हणून पडदे पाच तारखेलाच धुऊन होतात आणि किती माणसं येणार ते बावीस तारखेपर्यंत कोणाला ठाऊक नसतं. यादीतल्या प्रत्येक ओळीत एक क्रियापद आणि एक वार हवा. ‘पाहुणे’ खोडून ‘नणंदेला फोन करून किती जण येणार ते विचारणे, रविवार’ असं लिहायचं. ज्या ओळीला क्रियापद सापडत नाही, ती ओळ बहुधा नुसती काळजी असते.

तारखा लावताना मी पंचवीस तारखेपासून मागे मोजायला सांगते. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, चार रविवार त्यासाठी आयतेच हाताशी असतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. तो फक्त ठरवण्यासाठी ठेवायचा : माणसं, जेवण, भेटवस्तूंची रक्कम. त्या दिवशी कपाट उघडायचं नाही. दुसरा रविवार खरेदीचा आणि जे दूर पाठवायचं आहे ते पाठवण्याचा. तिसऱ्याला घर. चौथ्यासाठी नवीन काहीच ठेवायचं नाही, उरलेलं तिथे सांडायला जागा हवी. एक खाच लक्षात असू द्या. नाताळ सोमवारी आला, जसा २०२३ मध्ये आला होता, तर चौथा रविवार म्हणजेच चोवीस तारीख. अशा वर्षी तिसऱ्या रविवारीच सगळं संपवावं लागतं.

वेळेचा अंदाज ही दुसरी पडझडीची जागा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल असं विचारलं होतं. त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले, लागले ५५ च्या वर. दीडपटीहून जास्त. माणूस अंदाज बांधताना ‘या वेळी कसं करायचं’ ते डोळ्यांसमोर आणतो, मागच्या वेळी किती वेळ लागला होता ते आठवत नाही. म्हणून मी विचारते ते मागच्या वर्षाचं. एक भेटवस्तू गुंडाळायला कागद कापण्यापासून नाव लिहिण्यापर्यंत दहा मिनिटं धरली, तर चौदा वस्तूंना दोन तास वीस मिनिटं. हे काम ‘रात्री पटकन’ होत नाही.

फ्रीजचंही तसंच. गोठवलेला मांसाचा मोठा तुकडा फ्रीजमध्येच सुटा होऊ द्यायचा तर दर दोन किलोंना साधारण एक दिवस लागतो. पाच किलोंचा असेल तर बावीस तारखेलाच तो डीप फ्रीझरमधून खाली यायला हवा. म्हणजे खालचा एक कप्पा एकवीसला रिकामा हवा, म्हणजे त्या आठवड्यात भाजी कमी आणायची. ही साखळी न मांडल्यामुळेच चोवीसच्या रात्री दगडासारखं मांस ओट्यावर ठेवून लोक बसतात. ओट्यावर ते बाहेरून कोमट होतं, आत गोठलेलंच राहतं आणि बाहेरच्या थरात जंतू वाढतात.

एवढं सगळं दोन भेटींत झालं. बाईंची यादी सुधारली, चेहरा मात्र तसाच होता. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "हे ठीक आहे हो मॅडम, पण घरात कोणी मदतच करत नाही. सांगितलं तर करतात, पण सांगत बसायला वेळ कुणाला आहे?"

"मागच्या वर्षी कोणतं काम सांगितलं होतं?"

"भेटवस्तू गुंडाळायचं. नवऱ्याला. चौदा होत्या."

"केलं त्यांनी?"

"केलं. कोपरे फुगलेले, चिकटपट्टी आडवीतिडवी. मुलं झोपल्यावर मी सगळ्या उघडून परत गुंडाळल्या. साडेअकराला बसले."

"म्हणजे चौदा वस्तू एकूण किती वेळा गुंडाळल्या गेल्या?"

"चौ..." त्या थांबल्या. "अठ्ठावीस."

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. अशा वेळी काहीतरी समजावून सांगायची फार उबळ येते. मी ती आवरली आणि त्या सबंध केसमधलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं, असं मला आजही वाटतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "यंदा तो म्हणतोय, तूच कर, तुझं तुलाच पटतं. मला वाटलं, अंग काढून घेतोय." आणि जरा वेळाने, खाली बघत : "झाडाचंही तसंच करते मी. मुलं सगळं खालच्या फांद्यांवर लटकवतात. ती झोपली की मी वर सरकवते."

माझा ओढा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांकडे आहे, ते लपवत नाही. एलिस ज्या अट्टहासाबद्दल आयुष्यभर बोलले, तो पकडायला मराठीत एक अक्षर पुरतं : च. ‘कोपरे नीट असावेत’ ही आवड झाली. ‘असायलाच हवेत’ म्हटलं की त्या आवडीसाठी रात्रीचे साडेअकरा वाजतात. त्यांच्या यादीवर आम्ही पेन्सिल घेऊन बसलो आणि जिथे जिथे ‘च’ होता तिथे खूण केली. एकवीस खुणा. त्यांतल्या तीन खऱ्या होत्या : शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दिव्यांच्या माळेची सोललेली वायर बाद, आजोबांचं औषध वेळेवर.

आता काम सोपवण्याबद्दल. घरकामात करणं हा एक तुकडा असतो. त्याआधी गरज ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि नंतर झालं का ते बघणं. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये जोडप्यांच्या मुलाखतींवरून हे टप्पे मांडले. ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं ही दोन्ही टोकं बायकांकडे जास्त आढळली. आपण नवऱ्याला मधला तुकडा देतो आणि दोन्ही टोकं हातात ठेवतो, मग डोकं हलकं होणार कसं? द्यायचं तर काम सगळं द्यावं. कागद किती लागेल तेही त्यानेच बघायचं. आधी अटी ठरवायच्या, तीनपेक्षा जास्त नकोत. इथे त्या अशा होत्या : नाव वाचता यावं, आतली वस्तू दिसू नये, बावीसच्या रात्रीपर्यंत व्हावं. कोपऱ्यांबद्दल अट नाही. मध्ये एकदाच, ठरलेल्या दिवशी विचारायचं. पहिल्यांदा सोपवायला असं काम निवडावं जे फसलं तर फजिती होईल, पण पोट बिघडणार नाही. मांस सुटं करायचं काम पहिल्या वर्षी कोणाला देऊ नये.

त्यातही घसरायची एक जागा आहे. वीस तारखेला चिकटपट्टी संपलेली दिसते आणि आपण येता येता घेऊन येतो. एवढ्याशाने काम पुन्हा आपल्या अंगावर येतं. बाईंनी दुकानाच्या दारातून मला मेसेज केला होता. मी उत्तर दिलं नाही. त्या चिकटपट्टी न घेता घरी गेल्या.

जानेवारीत त्या एकदाच आल्या. नाताळ झाल्यापासून ६ जानेवारीला झाड उतरेपर्यंतच्या दिवसांत वहीत तीन गोष्टी लिहायच्या, एवढंच मी सांगितलं होतं : काय उरलं, काय कमी पडलं आणि काय केलं नाही तरी कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या वर्षीची यादी यावरूनच सुरू करायची असते, आणि फेब्रुवारीत हे आठवत नाही. पहिल्या रकान्यात बिस्किटं होती. दुसऱ्यात खुर्च्या, दोन. तिसऱ्यात त्यांनी लिहिलं होतं : पडदे.