'एगीन गोल नदी' : गोल कशी?

एका वाचकाने विचारलंय : मंगोलियातल्या धरणाच्या बातमीत 'एगीन गोल नदी' असं वाचलं. हा 'गोल' आपलाच का? नदी वळसे घेत जाते म्हणून?

नाही हो. मंगोल भाषेत 'गोल' म्हणजेच नदी. नदीचं नाव नुसतं 'एग'. '-ईन' हा आपल्या चा-ची-चे सारखा षष्ठीचा प्रत्यय. 'एगीन गोल' म्हणजे एगची नदी. तिला पुढे आणखी 'नदी' जोडली की झाला पिवळा पीतांबर. मराठीत 'एग नदी' लिहावं. प्रकल्पाचं नाव म्हणून 'एगीन गोल' आलं तर राहू द्यावं.

मोठ्या नदीला मंगोल लोक 'मोरन' म्हणतात. एग जिला मिळते ती सेलेंगे मोरन, इदेर आणि देल्गेरमोरन यांच्या संगमातून झालेली. आपल्या नद-नदीची आठवण होते, पण मंगोल भाषेत व्याकरणिक लिंगच नाही, तेव्हा तुलना तिथेच सोडावी. शिवाय नियम कडक नाही : देशातली सर्वांत लांब ओरखोन, तरी ती 'गोल'च!

धरणाचा वाद याच सेलेंगेमुळे. ती पुढे रशियात जाऊन बैकाल सरोवराला मिळते आणि बैकालमध्ये नद्यांमधून येणारं जवळपास निम्मं पाणी तिचं. मंगोलियाची बहुतेक वीज कोळशाची, कमी पडली की रशियाकडून घ्यायची. म्हणून एगवर ३१५ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प हवा. बैकाल १९९६ पासून जागतिक वारसास्थळ, म्हणून रशियाची हरकत. २०१६ मध्ये चीनचं कर्जही त्यातच अडकलं. (बैकालमधून बाहेर पडणाऱ्या अंगारा नदीवर इर्कुत्स्क शहरापाशी धरण बांधून खुद्द रशियाने सरोवराची पातळी मीटरभर वर नेलेली आहे, पण ते असो.)

आता खरी गंमत. एग निघते खुव्सगोल सरोवरातून. इथला 'गोल' पाहून मीही फसलो होतो. हा स्वर वेगळा; मंगोल भाषेच्या सिरिलिक लिपीत त्या 'ओ'च्या पोटात आडवी रेघ असते. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. हा 'गोल' तुर्की 'ग्योल'चा, म्हणजे तळ्याचा भाऊ मानतात. आणि मंगोल लोक म्हणतात 'खुव्सगोल नूर'. नूर म्हणजे सरोवर. पीतांबर तिकडेही पिवळाच.