जुना रेडिओ नाटकाला द्यायचाय, पण जीव होत नाही

प्रश्न: माझ्याकडे वडिलांचा व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ, एक कॅसेट टेपरेकॉर्डर आणि जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आहे. एका नाटकाच्या ग्रुपला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर हवाय, शॉर्ट फिल्म करणारी मुलं टीव्ही मागतायत, तोही चालू. द्यावंसं वाटतं पण काही झालं तर ही वस्तू परत कुठून आणू?

उत्तर: द्या हो. कपाटात पडून राहण्यापेक्षा चार लोकांनी बघितलेलं बरं. पण रेडिओ चालू स्थितीत अजिबात देऊ नका, म्हणजे मेन्सची, म्हणजे घरच्या विजेला जोडायची वायर काढूनच द्या. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगला लावला तर आतले जुने कपॅसिटर शॉर्ट होतात, कधी ट्रान्सफॉर्मरही जातो. आणि ज्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो, ते जुने एसी-डीसी सेट, त्यात चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, सरळ मेन्सला जोडलेली असते, म्हणजे नॉब निघाला आणि नटाचं बोट आतल्या दांडीला लागलं की शॉक, तोही भर प्रयोगात. प्रेक्षकाला रेडिओ चालू दिसला की झालं, तो खरा चालायची काही गरज नाही. डायलमागे बॅटरीवरचा छोटा एलईडी, आत ब्लूटूथ स्पीकर, बास. फक्त साऊंडवाल्याला एक सांगा, नॉब फिरवल्यावर लाइट लगेच लागू दे पण आवाज थोडा थांबून हळूहळू वर येऊ दे, कारण व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. हे एवढं केलं ना की ज्यांनी तो रेडिओ ऐकलाय त्यांना तो खराच वाटतो. मला स्वतःला ही जागा फार आवडते.

टेपरेकॉर्डर देण्याआधी गोष्ट कोणत्या सालातली आहे ते विचारा. कॅसेट फिलिप्सने 1963 मध्ये आणली, त्यामुळे 1960 च्या घरात कॅसेटचा टेपरेकॉर्डर दिसला तर चूकच, तिथे स्पूलचा, म्हणजे उघड्या रिळांवर टेप फिरणारा हवा. बॅटऱ्या काढूनच द्या, गळल्या तर कॉन्टॅक्ट खाऊन टाकतात.

टीव्हीचं वेगळं आहे. 50 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा चित्र रेखणारा सेट सेकंदाला 24 फ्रेमवर शूट केला की स्क्रीनवर काळा पट्टा सरकताना दिसतो. मुलांना कॅमेरा 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवायला सांगा. आधी टीव्ही कुणा जाणकाराकडून तपासून घ्या आणि मागचं झाकण कुणी म्हणजे कुणीही उघडायचं नाही, बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात. नुसता शोभेला हवा असेल तर बंदच द्या.

आता कागदाचं. ओळखीतले असले तरी लिहून घ्या. देताना सगळ्या बाजूंनी फोटो, नॉब मोजून. डिपॉझिट घेताना बाजारभाव धरू नका, तशीच वस्तू शोधून दुरुस्त करायला काय लागेल ते धरा. रंगवायचं नाही, 'जुना दिसू दे' म्हणून घासायचं नाही, पॉलिशवर चिकटपट्टी लावायची नाही, हे स्पष्ट लिहा, कारण आर्ट डिपार्टमेंटची माणसं वाईट नसतात पण घाईत असतात आणि पट्टी ओढली की पॉलिशही निघून येतं. परत द्यायची तारीख टाका. फिल्मवाल्यांना मात्र पॅचवर्क, म्हणजे राहिलेल्या तुकड्यांचं नंतरचं शूटिंग, संपेपर्यंत वस्तू तशीच ठेवायचं कबूल करा, मधे तुम्ही नॉब बदललात तर त्यांचा सीन जुळणार नाही.